डबल डेकर पुलावर ८३ चा वेग? दोन हजार भरू की तक्रार करू?

खामल्याचा_मुलगा

नमस्कार मंडळी. रक्कम दोन हजारांची आहे, पण आठवडाभर घरात दुसरा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

९ मार्चला बाबांच्या मोबाइलवर ई-चालानाचा मेसेज आला. घटना २ फेब्रुवारी २०२५ ची, रविवार, सकाळी ७.४०. ठिकाण नागपूरच्या वर्धा रोडचा डबल डेकर पूल, छत्रपती चौकाकडून विमानतळाकडे जाणारी बाजू. वेग ८३, मर्यादा ६० धरलेली. दंड २००० रुपये. गाडी एमएच ३१ पासिंगची जुनी वॅगनआर, बाबांच्या नावावर. त्या दिवशी चालवत मी होतो. मावशीला विमानतळावर सोडायचं होतं आणि हातात भरपूर वेळ होता, त्यामुळे दामटायचं काही कारणच नव्हतं.

बाबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. विनाअपघात सेवेबद्दल आगारात त्यांचा सत्कार झाला होता, त्याचा फोटो आमच्या बैठकीत लागलेला आहे. मेसेज त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला एवढंच विचारलं, "एवढ्या जोरात होतास का?" मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, पण पैसेही भरू दिले नाहीत. आई म्हणते भरून टाका, डोक्याला ताप नको. बाबा म्हणतात, केलेलं असेल तर दोन काय, चार हजार भरू. केलेलं नसेल तर माझ्या नावावर ते राहायला नको.

आता मुद्द्याचं. संकेतस्थळावर जाऊन चालानाचा फोटो उघडला. फोटोत दोन गाड्या आहेत. डावीकडच्या लेनमध्ये आमची. उजवीकडून एक पांढरी एसयूव्ही आम्हाला ओलांडते आहे, तिचं बॉनेट आमच्या पुढे निघालेलं. वेग मोजणाऱ्या यंत्राचा नेम दाखवणारी फुली आमच्या गाडीवर नाही, एसयूव्हीवरही पूर्ण नाही. आमचा उजवा आरसा आणि तिचं डावं मडगार्ड यांच्या मधल्या जागेत आहे. खाली कोपऱ्यात नंबर प्लेटचा मोठा केलेला तुकडा आहे, तो मात्र आमचा. ती एसयूव्ही मला आठवते, कारण ती अगदी खेटून गेली होती आणि मावशी दचकली होती. माझा काटा तेव्हा साठच्या जरा वर असेल.

प्रश्न असे. फोटोत दोन गाड्या आहेत एवढ्यावर तक्रार टिकते का? तक्रार फेटाळली आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दंड वाढतो का? आणि बाबांना कोर्टात उभं राहावं लागेल का? ते मला नको आहे.

तर्री_रस्सा

भाऊ, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? माझ्यावर असे दोन-तीन चालान आले, लोकअदालतीची वाट पाहा, तिथे कमीत आटोपते. नाहीतर सहा महिने काहीच करू नका. सहा महिन्यांत कोर्टात गेलं नाही तर चालान मरते, असं आमच्या ऑफिसातले सगळेच सांगतात. कोर्टाच्या फंदात पडू नका. तिथे गेलं की दिवस जातो आणि वरून दंड दुप्पट लावतात.

सिव्हिल_लाइन्स_वकील

वरच्या उत्तरातल्या गोष्टी अर्धवट आहेत आणि अर्धवट माहितीने लोक अडकतात, म्हणून आधी त्याच घेतो.

दंड दुप्पट होतो, हे चूक आहे. वेगमर्यादा मोडण्याची शिक्षा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे. हलक्या वाहनाला पहिल्या गुन्ह्यासाठी किमान १००० आणि कमाल २००० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आकडे आले, आणि महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. कारसाठी तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरून प्रकरण मिटवायची रक्कम, २००० ठेवली आहे, म्हणजे कायद्यातली कमाल रक्कम तुमच्याकडून आधीच मागितली आहे. कोर्टात हरलात तरी या कलमाखाली दंड त्याच्या वर जात नाही. जातो तो तुमचा वेळ. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या एखाद-दोन चकरा धरा. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

सहा महिन्यांचं. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यावी अशी मुदत आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण ही मुदत कोर्टाला लागते. सहा महिने झाले म्हणून पोर्टलवरची नोंद आपोआप पुसली जात नाही. गाडी विकायला काढली, नाव बदलायला गेलात की आरटीओत काम अडतं, आणि तेव्हा घाईघाईने भरावंच लागतं. बचाव म्हणून तो मुद्दा कोर्टात मांडता येतो. पण तेवढ्यावर विसंबून हातावर हात ठेवून बसू नये.

लोकअदालत तडजोडीसाठी आहे. सवलत मिळेलच, अमुक टक्के मिळेल, असं आधी कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आणि तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याला गुन्हा मान्य आहे आणि ओझं हलकं करायचं आहे, त्याने जरूर जावं. तुम्हाला गुन्हाच मान्य नाही, तर ते तुमचं ठिकाण नव्हे.

आता तुमचं प्रकरण. नुसत्या "दोन गाड्या आहेत" या वाक्यावर तक्रार अडखळेल, पण तुम्ही फुलीचं जे लिहिलं आहे ते महत्त्वाचं आहे. कलम १८३ मध्येच म्हटलं आहे की एका साक्षीदाराला वाटलं म्हणून कोणाला वेगासाठी दोषी धरता येत नाही. यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेतलेल्या मापाचा आधार लागतो. म्हणजे सगळा भार त्या मापावर आहे, आणि ते माप कोणत्या गाडीचं, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ वाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, अशा रस्त्यावर कॅमेऱ्याची सूचना देणारे फलक हवेत, चालानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने घेतलेलं माप, तारीख-वेळ-ठिकाण हवं. आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची आहे. तुमची २ फेब्रुवारीची घटना आणि ९ मार्चचा मेसेज. हा मुद्दा लिहा, पण दुसऱ्या क्रमांकावर. उशिराच्या मुद्द्यावर सुटलात तरी बाबांच्या मनातला प्रश्न सुटणार नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

मला दोन गोष्टी सांगा. आरटीओत नोंदलेला मोबाइल नंबर तोच आहे ना, की मेसेज आधी दुसरीकडे गेला होता? आणि गाडीत डॅशकॅम आहे का?

एक महत्त्वाचं: दंड अजून भरला नसेल तर आता भरू नका. भरला की तडजोड झाली आणि प्रकरण मिटलं. मग तक्रार करून पैसे परत मिळवणं फार अवघड.

खामल्याचा_मुलगा

वकीलसाहेब, मनापासून आभार. दंड वाढत नाही हे वाचून आईचाही विरोध मावळला.

नंबर तोच आहे, पहिल्यापासून. मेसेजमधल्या लिंकवर आम्ही गेलो नाही. शेजारच्या काकांच्या व्हॉट्सॲपवर चालानाच्या नावाने एपीके फाइल आली होती, ती उघडल्यावर त्यांच्या खात्यातून पैसे गेले, तेव्हापासून कॉलनीत सगळेच सावध आहेत. आम्ही महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पाहिलं. चालान खरंच आहे.

डॅशकॅम आहे, पण जीपीएस नसलेला, साधा. वेग त्यात उमटत नाही. आणि तो जुन्या रेकॉर्डिंगवरच नवं घेत जातो. फेब्रुवारीत मी मोठं कार्ड टाकलं, त्यामुळे जुनं कार्ड टेबलाच्या खणात तसंच पडलं होतं. काल लावून पाहिलं, २ फेब्रुवारीची सकाळ त्यात आहे. एसयूव्ही ओलांडताना स्पष्ट दिसते. पण वेग कसा दाखवणार?

लेव्हल_आणि_टेप

मी पुलांच्या कामांवर सर्व्हेअर आहे. वेग दाखवता येतो आणि तुमच्या जागी तर फारच चांगला.

डबल डेकरला एकच खांब आहे. तो खालच्या रस्त्यातून वर येतो, मधे उड्डाणपूल धरतो आणि तसाच पुढे जाऊन मेट्रो धरतो. ३.१४ किलोमीटरचा हा पूल असाच उभा आहे. म्हणजे पुलावरून जाताना उजव्या हाताला जे खांब एकामागून एक मागे पडतात, तेच खांब खाली वर्धा रोडच्या दुभाजकात उभे आहेत. वर पुलावर उतरून मोजायला जाऊ नका, जिवाशी खेळ होईल. खाली फुटपाथवरून मोजा.

असं करा. व्हिडिओत जिथे एसयूव्ही तुमच्या बरोबरीला येते, त्याच्या आधीपासून पुढे असे लागोपाठचे दहा गाळे निवडा (दोन खांबांमधला भाग म्हणजे एक गाळा). कोणते, हे खालून ओळखता आलं पाहिजे, म्हणून स्टेशनच्या कडेपासून मोजत या. गाळ्यांची लांबी सगळीकडे सारखी नसते, स्टेशनजवळ तर नक्कीच नाही, म्हणून एक मोजून दहाने गुणू नका. दहाच्या दहा मोजा. त्यानंतर व्हिडिओ संगणकावर फ्रेम-फ्रेम करून पाहा. पहिला खांब पडद्याच्या उजव्या कडेतून निसटतो ती फ्रेम आणि अकरावा खांब त्याच कडेतून निसटतो ती फ्रेम. मधल्या फ्रेम मोजा. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो का, हे व्हिडिओवरच्या घड्याळाशी ताडून पाहा: एका मिनिटात १८०० फ्रेम भरल्या पाहिजेत. अंतर भागिले वेळ. यात कोणाच्या सांगण्यावर काही नाही, ज्याला तपासायचं त्याने खाली जाऊन टेप लावावी.

ताशी ८३ म्हणजे सेकंदाला २३ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला पावणेसतरा. हा फरक इतका मोठा आहे की फ्रेम मोजताना एक-दोनची चूक झाली तरी निकाल बदलत नाही.

फुलीबद्दल थोडं. लेझर गनचा किरण लांब जाताना पसरतो, पण फार नाही. साधारण १०० मीटरवर एक फूट, ३०० मीटरवर जवळपास एक मीटर. म्हणून लेझरने एकच गाडी टिपता येते, हा त्याचा गुण. पण नेम दोन गाड्यांच्या फटीत असेल आणि अंतर जास्त असेल, तर किरणाचा काही भाग या गाडीवर, काही त्या गाडीवर पडू शकतो. रडारचा झोत त्याहून कितीतरी रुंद. १२ अंशांचा झोत १०० मीटरवर वीस मीटरच्या आसपास पसरतो, त्यात सगळ्या लेन येतात. म्हणून तक्रारीत यंत्र लेझरचं की रडारचं आणि माप घेताना अंतर किती होतं, हे दोन्ही विचारा.

एक मुद्दा मात्र तक्रारीत घालू नका. पुष्कळ लोक लिहितात की यंत्र तिरकं धरलं होतं म्हणून वेग जास्त आला. उलट आहे. कडेला उभं राहून तिरकं धरलं तर वेग कमीच दिसतो. २० अंशांचा कोन असेल तर खऱ्या वेगाच्या ९४ टक्केच भरतो. हा मुद्दा घातलात तर वाचणाऱ्याला कळेल की तुम्ही ऐकीव लिहिता आहात.

काट्याचंही तसंच. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असाच तो बनवलेला असतो. काट्यावर ६२ असेल तर रस्त्यावर त्याहून कमीच असणार. पण आठवणीतला काटा हा पुरावा नाही. खांब मोजा.

प्रतापनगरची_ताई

सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे आणि ते राग न धरता वाचावं.

माझ्या दिराला वर्धा रोडवरच गाडीने उडवलं. तो वाचला, पण त्याचा पाय पहिल्यासारखा झाला नाही आणि नोकरीही गेली. उडवणारा म्हणत होता, मी साठच्या आसपासच होतो. प्रत्येक जण साठच्या आसपासच असतो. समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेल्या बसमधले २५ लोक जळून गेले, त्या सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर रडलो, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा तेच. साठच्या जागी त्र्याऐंशी म्हणजे तेवीसच जास्त असं लोकांना वाटतं. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळपास दुप्पट. त्या दुप्पट अंतरात माझा दीर आला असता तर आज नसता.

म्हणून कॅमेरे लागले, चालान येऊ लागले, याचा मला आनंद आहे. इथे रोज कोणीतरी चालान कसं टाळायचं ते विचारतो, सहा महिने झोपून राहा म्हणून सांगणारेही भेटतात. तुमचं तसं नसेलही. पण मनाशी खरं विचारा. त्या क्षणी तुम्ही खरोखर साठच्या आत होतात का? नसाल, तर बाबांना सांगा आणि भरून टाका. त्यांच्यासारखा माणूस ते समजून घेईल.

खामल्याचा_मुलगा

ताई, राग मुळीच नाही. तुमच्या दिरांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचं लिहिणं मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर बोलते ती. आधी मोजून घे. वेग जास्त निघाला तर उद्याच्या उद्या पैसे भरायचे आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही." आम्ही तेच ठरवून मोजायला निघालो.

रविवारी पहाटे गेलो, रस्ता रिकामा असताना. जयप्रकाश नगर स्टेशनच्या पुढचे दहा गाळे. टेपचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं मी. बाबांनी प्रत्येक खांबाच्या मध्याशी खडूने फुटपाथवर आडवी रेघ मारली, दुभाजकातल्या खांबाची सरळ रेघ फुटपाथवर नीट यावी म्हणून रस्त्याच्या काटकोनात उभे राहून पाहायचे, पटलं नाही तर पुसून पुन्हा. एवढं करून दहा गाळे मिळून २७० मीटर भरले, काही सेंटिमीटर इकडेतिकडे.

मग घरी येऊन फ्रेम मोजल्या. मी मोजल्या, नंतर बाबांनी स्वतः मोजल्या, मला खोलीबाहेर बसवून. दोघांचं उत्तर ४९५ च्या आसपास. घड्याळाशी ताडलं, सेकंदाला ३० फ्रेम हे बरोबर आहे. ४९५ म्हणजे साडेसोळा सेकंद. २७० भागिले साडेसोळा, सेकंदाला १६.४ मीटर, ताशी ५९. ८३ ने गेलो असतो तर तेच अंतर पावणेबारा सेकंदांत संपलं असतं.

त्यानंतर एसयूव्हीही मोजली. ती मागून येते म्हणून सगळे गाळे मिळत नाहीत, पण पुढे निघाल्यावर पाच गाळे तिच्या मागच्या चाकांवरून धरता येतात. कोनामुळे थोडं मागेपुढे होतं, तरी कसंही मोजलं तरी ताशी ८० ते ८५ च्या मधेच येते.

ताई, मला आता जास्त डाचतं ते हे आहे. आम्ही गुपचूप दोन हजार भरले तर सरकारी हिशेबात त्या दिवशीचा त्र्याऐंशीचा माणूस सापडला, दंडही वसूल झाला. आणि जो खरोखर त्या वेगाने, इतक्या खेटून गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. तो आजही त्याच पुलावरून तसाच जात असेल. तुमच्या दिरांसारखा माणूस त्याच्यासमोर येणार, आमच्यासमोर नाही. कॅमेऱ्याने वचक बसायचा तर त्याने बरोबर माणूस धरला पाहिजे. म्हणून तक्रार करतो आहे.

एसयूव्हीचा नंबर व्हिडिओत दिसतो. तो मी इथे टाकणार नाही. तक्रारीत लिहावा का?

प्रतापनगरची_ताई

बाबांनी खोलीबाहेर बसवून मोजलं, हे वाचून मी गप्प झाले. करा तक्रार. माझा पाठिंबा आहे.

तर्री_रस्सा

भाऊ, मानलं बावा तुमच्या बाबांना. मी तर आजवर फोटो उघडूनही पाहत नव्हतो, मेसेज आला की लोकअदालतीचा विचार. माझ्या एका चालानाचा फोटो आज उघडला, तो माझाच आहे आणि मी जोरातच होतो. भरून राहिलो आज.

सिव्हिल_लाइन्स_वकील

आता तुमच्या हातात जे आहे ते फार थोड्या लोकांकडे असतं. ते नीट मांडा.

महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे, तिथूनच करा म्हणजे क्रमांक मिळेल. मजकूर छोटा ठेवा. वाचणाऱ्यासमोर अशा तक्रारींचा ढीग असतो, त्याला पहिल्या तीन ओळींत कळलं पाहिजे. बाबांची सेवा, मावशी, विमानतळ यातलं काही नको. मोजणीचा तक्ता एका पानावर, खांबांची ओळख पटेल असा खालून काढलेला फोटो, चालानाच्या फोटोवर फुलीभोवती लाल गोल, आणि व्हिडिओचा त्या वीसेक सेकंदांचा तुकडा.

तक्रार बाबांच्या नावाने जाईल, कारण मालक ते आहेत. पण गाडी मी चालवत होतो, हे तुमच्या नावानिशी त्यात स्पष्ट लिहा. चालक कोण होता हे विचारलं तर सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे, आणि न विचारता सांगितलेलं जास्त बरं. यामुळे पुढे कोर्टात जायची वेळ आली तरी चालक म्हणून उत्तर देणारा तुम्ही असाल. बाबांना मालक म्हणून एखादी सही करावी लागेल, पण त्यांना पिंजऱ्यात उभं करण्याची भीती मनातून काढा.

एसयूव्हीचा नंबर मजकुरात लिहू नका. व्हिडिओ द्या. त्यात काय दिसतं आणि कोणाला विचारायचं, हे त्यांचं काम. तुम्ही नंबर लिहिलात की तक्रारीचा रोख तिसऱ्या माणसावर जातो आणि तुमचं मोजमाप बाजूला पडतं.

तक्रार फेटाळली गेली आणि पुढे आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयाचा मेसेज आला तरी गोंधळू नका. वाहतूक चालानांसाठी असं न्यायालय २०२० मध्ये आपल्या काटोललाच सुरू झालं. तिथे दंड भरण्याचा आणि खटला लढवण्याचा, असे दोन पर्याय दिसतात. लढवण्याचा निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात येतं.

खामल्याचा_मुलगा

मजकूर असा केला आहे, बघा:

"चालानात नमूद वेळी व ठिकाणी वरील वाहन मी चालवत होतो. चालानाच्या छायाचित्रात दोन वाहने असून नेमाची खूण आमच्या वाहनावर नाही. डॅशकॅमच्या चित्रफितीनुसार त्याच ठिकाणी पुलाचे दहा गाळे, मोजलेले अंतर २७० मीटर, आमच्या वाहनाने १६.५ सेकंदांत पार केले, म्हणजे वेग ताशी सुमारे ५९ किलोमीटर. उजवीकडून ओलांडणारे वाहन त्याच चित्रफितीत दिसते. यंत्राचा प्रकार, माप घेतानाचे अंतर, यंत्राचे त्या तारखेला वैध असलेले मान्यता प्रमाणपत्र आणि मूळ छायाचित्र मिळावे. घटनेची सूचना नियम १६७-अ मधील १५ दिवसांनंतर मिळाली आहे. चालान रद्द करावे, ही विनंती."

खाली माझं नाव, मालक म्हणून बाबांची सही, सोबत चार जोडपत्रं. अजून काही घालू का? आणि ते जुनं कार्ड, त्याचं काय करू? सध्या लॅपटॉपलाच लावलेलं आहे.

लेव्हल_आणि_टेप

तक्त्यात "अंतराच्या मोजणीत कमाल फरक" म्हणून एक ओळ घाला. मोजणारा माणूस आपली चूक किती असू शकते ते आधी सांगतो, मग त्याचा आकडा लोक मानतात. तुमच्या बाबतीत एक मीटर धरा. त्याने वेग पाव किलोमीटरनेही हलत नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील

मजकूर चांगला आहे, यात आणखी काही घालू नका.

कार्ड लगेच काढा. त्यावर काही लिहू नका, कोणतीही फाइल उघडून साठवू नका, नाव बदलू नका. आधी पूर्ण कार्डाची एक प्रत काढून ठेवा आणि यापुढे जे काही पाहायचं ते प्रतीवर पाहा. मूळ कार्ड पाकिटात घालून बंद करा, वर तारीख आणि दोघांच्या सह्या. कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावं लागतं. ते आत्ता नको, पण तेव्हा मूळ कार्ड जसंच्या तसं हवं.

तक्रारीचा क्रमांक आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोर्टलवर चालानाची स्थिती अधूनमधून स्वतः पाहत जा, मेसेजची वाट बघू नका. उत्तर आलं की इथेच लिहा, फेटाळलं तर कारण जसं दिलं असेल तसं. पुढचा अर्ज त्या कारणावरच लिहावा लागेल.

खामल्याचा_मुलगा

कार्ड काढलं, प्रत झाली, पाकीट बंद. तक्रार आताच टाकली, क्रमांकही आला. जे उत्तर येईल ते इथे लिहितो.